तिरकीतल्या पाचरी

४ मार्च

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असाल. मी इथे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला आता बोलायची सवयच लागली आहे.

पत्र बघून दचकू नकोस, वाईट बातमी काही नाही. फोनवर आपलं बोलणंच होत नाही म्हणून लिहितेय. फोनवर तू प्रश्न विचारतेस, उत्तरही तूच देतेस आणि "चल आई, मीटिंग आहे" म्हणून ठेवून देतेस. परवा मी नुसतं "हं" म्हणाले, तर तू जावईबापूंना "आई वीस तारखेला येतेय, कायमची" असं सांगूनही मोकळी झालीस. माझ्या "हं"मध्ये एवढं सगळं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

तर वीस तारखेचं जमणार नाही. रागावू नकोस, कारण ऐक. एप्रिलच्या सुरुवातीला गायनवर्गाचा मोठा कार्यक्रम आहे, आणि त्यातल्या सगळ्या बायकांना एकसारखे निळे पायघोळ झगे हवेत. काम मी केव्हाच घेऊन बसले आहे. ते टाकून आले तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. कार्यक्रम झाला की निघते.

दुसरी बातमी म्हणजे तिरकीचं काम एकदाचं सुरू झालं. पुढचं जावईबापूंना वाचून दाखव, त्यांनी ती फक्त लग्नाच्या फोटोत मागे उभी बघितली आहे. जावईबापू, आमची इमारत म्हणजे जाड लाकडांचा सांगाडा आणि लाकडांच्या मधल्या चौकटींत माती-चुन्याच्या भिंती. सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर, लोखंडाचा खिळा शोधून सापडायचा नाही. बाजारातली सगळ्यात जुनी इमारत. आमच्या कुणाच्या जन्माआधी कधीतरी तिचा रस्त्याकडचा कोपरा खचला आणि ती त्या अंगाला कलली. पाटीवर तिचं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण गाव तिला "तिरकी" म्हणतं, आणि मी म्हणजे "तिरकीतल्या शिवणवाल्या बाई".

आमच्या पहिल्या मजल्याची जमीन रस्त्याकडच्या खिडकीकडे उतरते. चिऊच्या गोट्या, पेन्सिली, एकदा तर पिशवीभर संत्री, सगळं घरंगळत त्या खिडकीखाली जमायचं. चिऊचे बाबा म्हणायचे, "या घरात हरवलेलं शोधायचं नाही, खिडकीखालून घेऊन यायचं." ते बसचे ड्रायव्हर. चढावर गाडी थांबली की चाकाखाली ठोकळा सारायचा, ही हाताला लागलेली सवय. इथे राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी जुनी खोकी फोडून लाकडं तासली, पाचरी केल्या, आणि कपाट, टेबल, पलंग, मशीन, सगळ्यांच्या खिडकीकडच्या पायांखाली सारल्या. प्रत्येक वस्तूवर पाण्याचा ग्लास ठेवून, एक डोळा मिटून, पाणी कुठे कलतंय का ते बघत बसायचे.

सगळ्यात मन लावून केलेली पाचर मात्र माझ्या पाटाखालची. झग्याचा खालचा घेर जमिनीपासून मापतात. जमीनच उतरती असेल तर घेर वर-खाली येणार. म्हणून त्यांनी बायकांना उभं करायला एक रुंद पाट केला आणि त्याच्याखाली एका बाजूने लांबलचक पाचर ठोकून तो सपाट केला. ते गेले, पण पाट जागचा हलला नाही. त्यावर उभ्या केलेल्या एकाही बाईचा घेर आजवर चुकलेला नाही.

आता कामाला आले आहेत ते सुतारदादा. उंच, किडकिडीत, कानामागे पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या आडव्या तुळईला बोट लावलं, तर बोट आतच गेलं. बाहेर आला तो भुसा. कोपरा हळूहळू वर उचलायचा, कुजलेली तुळई आणि खांबाचा पाय काढून तिथे नवं लाकूड बसवायचं, असं काम आहे. आमच्या अंगाच्या भाडेकरूंनी हवं तर राहावं म्हणाले. मी म्हटलं, मी राहते.

इमारत नगरपालिकेच्या मालकीची, आणि त्यांनी विचारलंय की काम संपल्यावर जागा ठेवणार की सोडणार, ते एप्रिल संपायच्या आत कळवा. ते मी बघते. तू त्यात डोकं घालू नकोस.

तुझी,
आई

ता. क. खोलीला फिका हिरवा रंग दिलात, फोटो पाहिला. छान आहे.


२१ मार्च

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. तुझ्या रागाचा फोन पोचला. तुझं रागावणं बरोबरच आहे. रंग दिलात, पलंग घेतलात, खिडकीत कुंडी ठेवलीत आणि मी आपली आज येते उद्या येते करतेय. पण तूही जाता जाता म्हणालीस ना, "तुझं मशीनही आण हवं तर, छंद म्हणून शिवत बस." त्या शब्दाशी माझी सुई अडकली बघ. तुझी शाळा, कॉलेज, तुझं लग्न या सगळ्याला माझ्या त्या छंदाचा हात लागला आहे. असो. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, मला कळतं.

इथे रोज नवी गंमत. इमारतीच्या कोपऱ्याखाली लोखंडी जॅक लावले आहेत. सुतार रोज सकाळी त्यांचे दांडे थोडे फिरवतात आणि मग खांबाला कान लावून उभे राहतात. एकदम उचललं तर सांधे फुटतात, म्हणून रोज केसभरच. तेवढा वेळ माझं मशीन बंद पाहिजे, कारण त्याची थरथर खांबातून खाली जाते आणि त्यांना लाकडाचं काही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी ते धापा टाकत वर आले.

"बाई, जरा मशीन थांबवता का? तुळई काय म्हणतेय ते ऐकायचंय."

"आणि झगे काय म्हणतायत ते कोण ऐकणार, सुतारदादा?"

"झग्यांना सांगा दहा मिनिटं गप्प बसा म्हणून." मग जिन्यात वळून म्हणाले, "आणि ते दादा जरा सोडा. तुमच्याहून फार मोठा नाही मी."

रोज जिने चढायला नकोत म्हणून आता आमचं ठरलंय. ते खालून खांबावर दोनदा ठोकतात, मी मशीन थांबवते. ऐकून झालं की पुन्हा दोनदा, की मी सुरू. काल मी कापड बेतत होते, मशीन तसंही बंद होतं, तर बराच वेळाने हे वर हजर. "आज आवाजच नाही, म्हटलं बरं आहे ना." मी म्हटलं, बरं आहे, चहा घ्या.

खालचा चष्मेवाला मात्र हवालदिल झालाय. तिरकीचे फोटो काढायला लोक येतात, उन्हात उभं राहून डोळे बारीक करतात आणि मग त्याच्याकडून काळा चष्मा घेतात. "सरळ केलीत तर हिच्याकडे बघणार कोण?" असं तो सुताराला रोज विचारतो. सुतार म्हणतात, "बाहेरून ती जन्मभर तिरकीच राहणार. एवढ्या वर्षांचा बाक एका वर्षात जातो होय? आत माणसं सरळ उभी राहिली म्हणजे झालं."

मला म्हणाले, "रोज थोडं वर जातंय बाई. घरात काही बदललं तर सांगा." झोपायच्या खोलीचं ते कधीच न लागणारं दार चक्क लागलं, तेवढं मी सांगितलं. बाकी मला तरी काही वेगळं वाटत नाही. झग्यांची मापं चालू आहेत. एकेक बाई पाटावर आरशाकडे तोंड करून उभी राहते, मी मापाची काठी आणि खडू घेऊन तिच्याभोवती रांगते. गुडघ्याचं तू विचारू नकोस आणि मी सांगत नाही.

पालिकेत अजून जाणं झालेलं नाही. जाईन.

तुझी,
आई


९ एप्रिल

चिऊ,

आशीर्वाद. आज पत्राला हात लागत नव्हता, पण तुला कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

परवा गायनवर्गाचा कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं. मी तिसऱ्या रांगेत, नवी ओढणी घेऊन, ताठ बसलेली. पडदा उघडला. निळ्या झग्यांतल्या सगळ्या जणी ओळीने उभ्या. आणि चिऊ, सगळ्यांचे घेर तिरके. एका बाजूला बुटाला टेकलेले, दुसऱ्या बाजूला घोटे उघडे. एकटी बाई असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण सगळ्यांचा उतार एकाच दिशेला, अगदी एका रेषेत. स्टेजच एका अंगाला बसत चाललंय असं दिसत होतं. पहिल्या रांगेत चष्मेवाल्याने मान वाकडी केली, मग त्याच्या बायकोने, आणि मग बघता बघता अर्धं सभागृह मान वाकडी करून गाणं ऐकायला लागलं. मागून हसू फुटलं. त्या बिचाऱ्या सुरात गात होत्या आणि लोक त्यांच्या पायांकडे बघत होते.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मध्येच उठून मी घरी आले.

माझं चुकलं कुठे हे मला कळेना. मापं नीट, कापड नीट, घेराच्या शेवटच्या खुणाही सगळ्यांच्या एकाच दिवशी केलेल्या. काल सकाळी सुतार वर आले. तेही होते म्हणे शेवटच्या रांगेत. त्यांनी पिशवीतून पाणसळ काढली, ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी, आणि जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. मग ती माझ्या पाटावर ठेवली. बुडबुडा पळत एका टोकाला.

"जमीन सरळ झालीय, बाई. पाट तिरका पडलाय."

जमीन रोज थोडी वर येत होती आणि पाचर मात्र होती तशीच होती. जी पाचर पाट सपाट करायची, तीच तो वाकडा करत होती. आणि मी सगळ्यांवर शंका घेतली असती, मशीनवर, खडूवर, स्वतःच्या डोळ्यांवर, पण त्या पाटावर नाही. तो तुझ्या बाबांनी लावलेला. तो चुकेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

सुतार ती पाचर काढायला वाकले आणि मी ओरडले, "हात लावू नका!" इतक्या मोठ्याने, की चष्मेवाला धावत वर आला. सुतारांनी हात मागे घेतला. "नाही लावत," म्हणाले. "तुम्ही सांगाल तेव्हा." पाणसळ टेबलावर ठेवून ते खाली गेले. त्यानंतर खांबावर ठोकणंही नाही की काही नाही. मशीन तसंही बंदच आहे.

तर चिऊ, तुझंच खरं. या वयात नसते उद्योग हवेत कशाला. मी बॅग काढली आहे. पालिकेला जागा सोडते म्हणून कळवते आणि येते. तुझ्या हिरव्या खोलीत स्वस्थ बसेन. छंद म्हणूनसुद्धा काही शिवणार नाही.

आई


२८ एप्रिल

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. मी आलेले नाही हे तुला दिसतंच आहे. तीनदा तुझा फोन वाजला आणि तीनदा मी तो वाजू दिला. जे सांगायचं आहे ते फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला "म्हणजे काय?" म्हणाली असतीस आणि मी गुळणी धरली असती. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून लिहिते.

बॅग भरून ठेवली होती. खुर्चीवर ती आणि समोर मी, अशा दोघी बरेच दिवस बसलो होतो. मग एका दुपारी गायनवर्गाच्या बाई आल्या, खांद्यावर सगळ्या झग्यांचं भलं मोठं गाठोडं. मी म्हटलं, आता तोंडावर फेकणार. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि पंखा लावा म्हणाल्या.

"पुढच्या महिन्यात शेजारच्या गावात गायचंय. तोवर सरळ करून द्या."

"दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी मुलीकडे चालले."

"दुसरं आहे कोण? आणि बाई, तुम्ही चुकलात तरी सगळ्यांचं सारखं चुकलात. एकीचा घेर दुसरीहून वेगळा नाही. असं चुकायलासुद्धा हात लागतो."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. त्या गेल्यावर मी पाटापाशी जाऊन बसले. वर्षानुवर्षांच्या खडूने ती पाचर पांढरी पडली आहे, कडेला गुळगुळीत. मी तिला म्हटलं, तू नाही चुकलीस, जमीन बदलली. तुझ्या बाबांनाच म्हटलं खरं तर. ते असते तर पहिल्या दिवशीच ग्लास घेऊन बसले असते, रोज पाणी बघितलं असतं आणि रोज पाचर थोडी मागे ओढली असती. त्यांना पाचरीचं कौतुक कधीच नव्हतं, त्यांना मी सरळ बसून काम करावं एवढंच हवं होतं. हे मला इतक्या उशिरा कळावं!

मग मी बत्ता आणला आणि स्वतः ठोकून ती पाचर काढली. सहजासहजी निघाली नाही. निघाली तेव्हा पाट धप्पकन खाली बसला आणि खोलीत धूळच धूळ झाली.

मी खांबावर दोनदा ठोकलं. खालून काही नाही. पुन्हा ठोकलं. मग जिन्यावर पावलं वाजली. सुतार दारात उभे, आत येईनात. मी म्हटलं, "तुमची पाणसळ राहिलीय, आणि मला ती कशी बघतात ते येत नाही." त्यांनी पाटावर ठेवून दाखवली. बुडबुडा मधोमध. आम्ही दोघं त्या बुडबुड्याकडे एवढा वेळ बघत बसलो की त्यालाच लाज वाटली असेल.

त्यानंतर सगळ्या बायका पुन्हा एकेक करून आल्या. प्रत्येक बाई पाटावर चढायच्या आधी सुतार काम सोडून वर यायचे, पाणसळ ठेवायचे आणि न्यायाधीशासारखे "हं, चढा" म्हणायचे. तेवढ्यासाठी एकेकीने दोन-दोन चकरा मारल्या.

आता मूळ मुद्दा. विषयाला फाटे फोडून झाले तेवढे पुरे.

परवा मी पालिकेत गेले आणि जागा ठेवणार म्हणून सांगून आले. चिऊ, तुझ्याकडे मला काहीही कमी पडणार नाही हे मला माहीत आहे. तिथे मी तुझी आई असेन, जावईबापूंची सासू असेन, वेळेवर जेवेन, लिफ्टने खाली जाऊन फिरून येईन. पण इथे जिन्यातून कुणीतरी "बाई, आहात का?" अशी हाक मारतं आणि मी "आहे, या" म्हणते. ती हाक सोडून मला येववत नाही. खरं सांगायचं तर माझं यायचं कधीच ठरलं नव्हतं. तुझं मन मोडवेना म्हणून "हं" म्हणत राहिले.

आणि दुसरं. तू फोनवर विचारलं होतंस, "आधी सुतारदादा होते, मग नुसते सुतार झाले, काय चाललंय काय?" मी हसण्यावारी नेलं. तू तुझ्या बाबांवर गेली आहेस, उतार कुठे आहे ते तुला लांबून दिसतं. चिऊ, मला तो माणूस आवडतो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. संध्याकाळी काम आटपलं की ते वर येतात, आम्ही चहा पितो, ते मला लाकडांविषयी सांगतात आणि मी त्यांना बायकांविषयी. बेसूर शीळ घालतात, आणि ती बेसूर आहे हे त्यांना सांगूनही पटत नाही. पुढे काय, हे आम्ही अजून बोललेलो नाही. पण तिरकीचं काम संपलं की ते दुसऱ्या गावी जातील या विचाराने मी शिवलेलं उसवून पुन्हा शिवत बसते. या वयातही असं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

हे लिहिताना मला भीती वाटते आहे. लोकांची नाही, चष्मेवाल्याचं गावभर करायचं ते करून झालंय. भीती तुझी. तुला वाटेल, आई बाबांना विसरली. तुला तसं वाटलं तर मला ते सहन होणार नाही. एवढंच.

तुझी,
आई


१७ मे

माझी लाडकी चिऊ,

अनेक अनेक आशीर्वाद.

इतके दिवस तुझा फोन नाही, काही नाही. जीव टांगणीला लागला होता. मी दोनदा जावईबापूंना फोन केला, ते म्हणाले, "बरी आहे, बोलेल." मग काल तुझं पाकीट आलं. मी ते हातात घेऊन बसले, उघडायचं धाडस होईना. आत एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. "बाबांच्या पाचरी कुठे आहेत?"

रागाचं एकही अक्षर नाही, हे मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. तर ऐक, एकेका पाचरीचा हिशेब देते.

पाटाखालची माझ्या कात्रीच्या खणात आहे. कात्री काढली की ती हाताला लागते. ती तिथेच राहील.

कपाटाच्या, टेबलाच्या आणि मशीनच्या पाचरी आता घरात नाहीत. घाबरू नकोस, टाकलेल्या नाहीत. कोपऱ्यातल्या खांबाला नवा पाय जोडला तेव्हा जुन्या आणि नव्या लाकडात जराशी फट राहिली. तिथे सारायला मुरलेलं, पुन्हा आकसणार नाही असं लाकूड हवं होतं. सुतार दोन दिवस ते शोधत होते. माझ्या टेबलाखाली असलेलं त्यांना रोज दिसत होतं, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. मी ओरडले होते ना, तो धडा त्यांनी पक्का केलाय. शेवटी मीच ओंजळीत घेऊन खाली गेले. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "ज्यांच्या आहेत त्यांना आवडलं असतं." त्यांनी त्या तासल्या, फटीत सारल्या आणि शेवटचे ठोके मला मारायला लावले. मग जॅक सैल केले. मी आणि चष्मेवाला रस्त्यावर श्वास रोखून उभे होतो. तिरकी एकदा कण्हली आणि बसली. आजवर तुझ्या बाबांनी आपलं सामान सावरलं होतं, आता हे सगळं घर त्यांच्या पाचरींवर टेकलंय. सांगताना मला हुंदका येतोय, पण तो वाईट नाही.

झगे सरळ झाले. शेजारच्या गावात मी तिसऱ्या नाही, पहिल्या रांगेत बसले. सगळ्यांचे घेर एका रेषेत, जमिनीला धरून. माझ्या बाजूला सुतार होते, त्यांनी खिशातून पाणसळ काढून लांबून स्टेजला लावून बघितली. मी त्यांच्या हातावर चापट मारली. त्यांनी इथेच, बाजाराच्या मागे, एक गाळा बघितलाय कामासाठी. त्यांचं म्हणणं, जुन्या इमारती या गावातही पुष्कळ आहेत. मी म्हटलं, आहेत खऱ्या.

जूनच्या अखेरीला मी पंधरा दिवस तुझ्याकडे येते आहे. हे "हं" नव्हे, तिकीट काढलंय. त्या हिरव्या खोलीत पाहुणी म्हणून ऐसपैस राहीन आणि जावईबापूंना भंडावून सोडेन. खिडकीचं माप पाठव, पडदे शिवून आणते. तुमची खिडकी सरळ आहे ना, ते आधी नीट बघून घे.

आता राहिली एक पाचर. तुझ्या पलंगाची.

ती मी काढलेली नाही. तुला आठवतं? पलंग थोडा घसरतो म्हणून तू रडायचीस, आणि तुझ्या बाबांनी ती बसवल्यावर तुलाच आधी वर झोपवलं आणि तुझ्या पोटावर पाण्याचा ग्लास ठेवला होता. तू हसलीस आणि सगळं पाणी सांडलं. जमीन सरळ झाल्यापासून तो पलंग आता उलटा कलतो. बसलं की माणूस हळूच भिंतीकडे सरकतं. सुतारांनी सगळ्या खोल्यांच्या फळ्या घासून तेल लावलं, फक्त त्या पलंगाखालची जागा सोडली. पालिकेचा माणूस काम पूर्ण झालं का विचारायला आला तेव्हा ते म्हणाले, "एक पलंग तिरका आहे. घरातलं माणूस यायचंय, तोवर अपुरं लिहा."

तेव्हा तू ये. माझ्याबरोबर परत ये, नाहीतर त्याआधी एकटी ये. बत्ता मी काढून ठेवला आहे. पाचर काढायची की तशीच राहू द्यायची, ते तू ठरव. ठेवलीस तरी मला चालेल, मग मी कधीमधी तिथे दुपारची तिरकी पडत जाईन. पण ती माझ्या हाताने निघणार नाही, आणि त्यांच्या तर नाहीच.

जिन्याची शेवटची पायरी आता पूर्वीएवढी खोल नाही, येताना पाय जपून टाक.

सरळ जमिनीवर अजून थोडी अडखळणारी,
तुझीच,
आई